औंधचे श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी

सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात औंध हे लहानसे गाव आहे. गावाशेजारी डोंगर, डोंगरावर यमाई देवीचे मंदिर, पायथ्याशी जुना वाडा आणि भोवती पावसाची वाट पाहणारी कोरडवाहू शेते, असे या गावाचे रूप आहे. स्वातंत्र्यापूर्वी हे गाव एका संस्थानाची राजधानी होते. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात निर्माण झालेले प्रतिनिधिपद पुढे परशुराम त्रिंबक यांच्या घराण्याकडे आले. तेच हे पंतप्रतिनिधींचे घराणे होय. संस्थान मोठे नव्हते आणि सलगही नव्हते. औंधच्या परिसरातील काही गावे, कृष्णाकाठचा कुंडलचा भाग, माणदेशातील आटपाडी आणि दूर विजापूरकडील गुणदाळ असे त्याचे तुकडे चहूकडे विखुरलेले होते. कुंडल आणि आटपाडी आज सांगली जिल्ह्यात मोडतात. तिजोरी बेताची, जमीन खडकाळ आणि पाऊस अपुरा अशा या संस्थानाचे नाव एका राजाने आपल्या वागणुकीने दूरदूरच्या देशांत पोहोचविले. त्यांचे नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी. लोक त्यांना आदराने बाळासाहेब म्हणत.

बाळासाहेबांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ रोजी झाला. राजघराण्यातील मुलांनी पदवीपर्यंत शिकावे अशी त्या काळी फारशी रीत नव्हती. तरीही बाळासाहेब पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून बी.ए. झाले. त्यांना चित्रकलेचा विलक्षण नाद होता. स्वतः कुंचला हाती घेऊन ते तासन्‌तास चित्रे रंगवीत. कीर्तनाचीही त्यांना तेवढीच आवड होती. देवापुढे उभे राहून राजाने स्वतः कीर्तन करावे, हे दृश्य औंधच्या प्रजेने अनेकदा पाहिले. परंतु ज्या कार्यामुळे त्यांचे नाव घरोघरी गेले, ते कार्य चित्रांचे नव्हते आणि कीर्तनाचेही नव्हते. ते होते शरीराच्या उपासनेचे.

त्या काळची परिस्थिती ध्यानात घेतल्यावाचून या कार्याचे मोल कळणार नाही. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता तो पुणे, सातारा या भागांत पसरला. त्याच सुमारास दुष्काळ पडले. १९१८ मध्ये इन्फ्लुएंझाच्या साथीने लक्षावधी माणसे नेली. १९२१ च्या सुमारास भारतात जन्मणाऱ्या मुलाचे सरासरी आयुर्मान पंचवीस वर्षांहूनही कमी होते. पुष्कळ मुले पाळण्यातच दगावत. जी वाचत त्यांच्यापैकी कित्येकांची प्रकृती कायमची दुबळी राही. शिकलेल्या वर्गाची स्थितीही फारशी निराळी नव्हती. पुस्तकांवर मान वाकवून बसणारे विद्यार्थी आणि कचेरीत दिवस घालविणारे कारकून यांना व्यायामाची सवयच राहिली नव्हती. तालमीतली कुस्ती पैलवानांची आणि घोड्यावरची रपेट सरदारांची, अशी सर्वांची समजूत झाली होती. मग सामान्य माणसाने काय करावे, या प्रश्नाचे सोपे उत्तर कोणाजवळ नव्हते.

बाळासाहेबांनी या उत्तराचा शोध प्रथम स्वतःच्याच शरीरावर घेतला. त्या वेळी यूजेन सँडो या प्रशियात जन्मलेल्या मल्लाची कीर्ती साऱ्या जगात गाजत होती. बिनबाह्यांच्या बनियनला मराठीत आजही त्याच्याच नावाने ओळखतात. सँडोने डंबेल्स, स्प्रिंगा इत्यादी साधनांनी करावयाच्या व्यायामाची एक पद्धत बसविली होती. बाळासाहेबांनी १८९७ मध्ये त्याची पुस्तके व साधने मागविली आणि पुढे सुमारे दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. हातात घेतलेली गोष्ट मधेच सोडावयाची नाही, हा त्यांचा स्वभावच होता. परंतु ही पद्धत आपल्याला मानवली तरी आपल्या प्रजेच्या उपयोगाची नाही, हेही त्यांच्या ध्यानात येणे स्वाभाविक होते. माणदेशातील शेतकऱ्याने परदेशी साधने कोठून आणावीत?

उत्तर जवळच होते. मिरजेचे अधिपती सर गंगाधरराव पटवर्धन हे बाळासाहेबांचे स्नेही होते. ते स्वतः सूर्यनमस्कार घालीत असत. त्यांच्या सांगण्यावरून बाळासाहेबांनी १९०८ मध्ये सँडोची साधने बाजूला ठेवली आणि नमस्कारांस आरंभ केला. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते.

नमस्कार ही काही नवीन वस्तू नव्हती. महाराष्ट्रात मारुतीच्या देवळात आणि तालमीत ते पूर्वीपासून घातले जात. समर्थ रामदासस्वामींनी बलोपासनेचा जो प्रसार केला, त्याच्याशीही परंपरेने नमस्कारांचा संबंध जोडला आहे. मात्र बहुतेकांच्या लेखी ते देवाचे व्रत होते. कोणी नवसासाठी घाली, तर कोणी दुखण्यातून उठल्यावर घाली. प्रत्येकाची रीतही निरनिराळी असे. बाळासाहेबांनी या विखुरलेल्या रीतींमधून एक निश्चित क्रम बसविला आणि लहानथोर, स्त्रीपुरुष अशा सर्वांना तो रोजचा व्यायाम म्हणून दिला. नमस्कार त्यांनी शोधून काढले नाहीत. त्यांना देव्हाऱ्यासमोरून उठवून शाळेच्या अंगणात आणले, हे त्यांचे मोठे काम होय.

त्यांनी एका नमस्काराच्या दहा अवस्था ठरविल्या. प्रथम हात जोडून ताठ उभे राहावयाचे. मग गुडघे न वाकविता खाली वाकून तळवे जमिनीस टेकावयाचे. नंतर एक पाय मागे, मग दोन्ही पाय मागे न्यावयाचे. पुढे कपाळ, छाती, दोन तळवे, दोन गुडघे आणि दोन पायांची बोटे ही आठ अंगे भूमीस लावावयाची. यालाच साष्टांग म्हणतात. त्यानंतर छाती पुढे काढून मान वर उचलावयाची, मग कंबर वर घ्यावयाची आणि त्याच क्रमाने परत येऊन पुन्हा ताठ उभे राहावयाचे. एकदा टेकलेले तळवे अखेरपर्यंत जागचे हलवू नयेत, असा त्यांचा कटाक्ष असे. श्वास केव्हा घ्यावा, केव्हा रोखावा आणि केव्हा सोडावा, हेही त्यांनी ठरवून दिले होते. आरंभ थोड्या नमस्कारांनी करावा, वय आणि शक्ती पाहून संख्या हळूहळू वाढवावी आणि एकही दिवस चुकवू नये, असे ते सांगत. नमस्कारांच्या जोडीला साधा व ताजा आहार घ्यावा आणि तंबाखू, चहा यांसारख्या सवयींपासून दूर राहावे, असाही त्यांचा आग्रह होता.

या व्यायामाला पैसा लागत नाही, यंत्रे लागत नाहीत, सवंगडी लागत नाहीत आणि मोठे मैदानही लागत नाही. माणूस आडवा झोपू शकेल एवढी जागा मिळाली म्हणजे झाले. गरिबाच्या झोपडीतही तेवढी जागा असते. ज्या देशात बहुतेक लोक गरीब आहेत, त्या देशात आरोग्याचे साधनही गरिबाला परवडणारेच असले पाहिजे. बाळासाहेबांच्या साऱ्या खटाटोपाच्या मुळाशी हा विचार होता.

१९०९ मध्ये बाळासाहेब औंधच्या गादीवर आले. राजाने हुकूम सोडावा आणि प्रजेने तो पाळावा, ही जगाची रीत. बाळासाहेबांनी मात्र आधी स्वतः केले आणि मग दुसऱ्यांना सांगितले. ते पहाटे उठून नमस्कार घालीत. राणीसाहेब आणि मुलेही नमस्कार घालीत. पुढे संस्थानातील शाळांत नमस्कार हा शिक्षणाचाच भाग झाला. मुलांप्रमाणे मुलींनीही ते घालावेत, असा बाळासाहेबांचा आग्रह असे. ज्या काळात मुलींना शाळेत पाठविण्यासही पुष्कळ घरे नाखूश असत, त्या काळात त्यांना व्यायाम शिकविणे हे धाडसाचेच काम होते.

सूर्यनमस्कारांचा प्रसार करण्यासाठी बाळासाहेबांनी पुस्तके लिहिली व व्याख्याने दिली. वेदांचे व्यासंगी पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर १९१८ मध्ये औंधास येऊन राहिले. त्यांनी तेथे स्वाध्यायमंडळाचे कार्य चालविले आणि या व्यायामाच्या प्रसारासही आपल्या लेखणीने साहाय्य केले. १९३६ मध्ये बाळासाहेब इंग्लंडला गेले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षाकडे झुकलेल्या या राजाची ताठ अंगकाठी आणि उत्साह यांचे तेथील लोकांस नवल वाटले. लंडनच्या न्यूज क्रॉनिकल या दैनिकातील लुईस मॉर्गन या लेखिकेने त्यांच्या व्यायामपद्धतीची माहिती इंग्रज वाचकांना करून दिली. पुढे १९३८ मध्ये तिने संपादित केलेले बाळासाहेबांचे इंग्रजी पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. नमस्काराच्या दहा अवस्थांवरून त्या पुस्तकाचे नाव आरोग्याचा दहा पायऱ्यांचा मार्ग अशा अर्थाचे ठेवले होते. सँडोची पुस्तके विलायतेहून औंधास आली होती. आता औंधचा व्यायाम विलायतेस गेला.

बाळासाहेबांचा असा विश्वास होता की नमस्कारांनी केवळ दंड व मांड्या भरत नाहीत. मेंदू, मज्जासंस्था, हृदय आणि पोट या साऱ्यांवर त्यांचा परिणाम होतो, बुद्धी तल्लख राहते आणि म्हातारपण लांबते. नमस्कारांच्या आरंभी उच्चारावयाच्या ह्रां, ह्रीं इत्यादी बीजाक्षरांची कंपने शरीरातील निरनिराळ्या अवयवांना जागी करतात, असेही ते मानीत. त्या काळी मेंदूविषयीचे ज्ञान तोकडे होते. त्यानंतर या शास्त्राची पुष्कळ प्रगती झाली आहे. तिच्या प्रकाशात बाळासाहेबांच्या मतांपैकी काही खरी ठरली आहेत आणि काहींना आधार मिळालेला नाही.

नियमित व्यायामाने मेंदूचे हित होते, ही गोष्ट आज निःसंशय सिद्ध झाली आहे. स्मरणशक्तीशी निकटचा संबंध असलेला हिप्पोकॅम्पस नावाचा एक लहान भाग मेंदूत असतो. उतारवयात तो वर्षानुवर्षे थोडाथोडा आक्रसत जातो. अमेरिकेत १२० वयस्क स्त्रीपुरुषांवर केलेला एक अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यापैकी ज्यांनी वर्षभर नेमाने भरभर चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्या मेंदूतील हा भाग आक्रसण्याऐवजी सुमारे २ टक्क्यांनी वाढलेला आढळला. वाकताना, पाय मागे नेताना आणि पुन्हा उभे राहताना शरीराचा तोल सांभाळावा लागतो. हे काम लहान मेंदू करतो आणि सरावाने त्यात सफाई येते. श्वास सावकाश सोडला म्हणजे मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नावाच्या मज्जातंतूचे कार्य वाढते, हृदयाची गती मंदावते आणि मनाला स्वस्थता लाभते. बीजाक्षर लांबवून उच्चारताना श्वास आपोआपच सावकाश सुटतो. परंतु अमुक अक्षराने अमुक अवयव सुधारतो किंवा नमस्कारांनी सारे रोग नाहीसे होतात, या समजुतीला शास्त्राचा आधार नाही. पाठीचे वा हृदयाचे दुखणे असलेल्या माणसाने वैद्याच्या सल्ल्यावाचून हा व्यायाम करू नये, हेही तितकेच खरे. बाळासाहेबांचे थोरपण त्यांचा प्रत्येक शब्द खरा ठरण्यावर अवलंबून नाही. शरीर, श्वास आणि मन यांना एकाच वेळी कामाला लावणारा आणि कोणालाही करता येणारा व्यायाम त्यांनी निवडला व जन्मभर आचरला, यात ते आहे.

रोजच्या नमस्कारांनी मिळालेला उत्साह बाळासाहेबांनी लोकांच्या कामी लावला. बेळगावहून आपला कारखाना हलवावा लागल्यामुळे लक्ष्मणराव किर्लोस्कर अडचणीत सापडले होते. बाळासाहेबांनी त्यांना कुंडलजवळची जमीन व भांडवल देऊन हात दिला. १९१० मध्ये त्या निवडुंगाने भरलेल्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तेथे तयार होणारे लोखंडी नांगर शेतकऱ्यांच्या हाती आले. कऱ्हाडजवळ ओगल्यांचा काचेचा कारखाना १९१६ मध्ये सुरू झाला, तोही औंध संस्थानाच्याच हद्दीत. तेथील प्रभाकर कंदील पुढे महाराष्ट्रात घरोघरी पोहोचला. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती काढण्याचे योजिले, तेव्हा बाळासाहेबांनी त्या कार्यासाठी एक लाख रुपयांची देणगी देऊ केली. त्यांनी काढलेल्या चित्रांचे चित्ररामायण १९१६ मध्ये निघाले. १९३५ मध्ये इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांनी भूषविले. यमाईच्या डोंगरावर त्यांनी १९३८ मध्ये श्रीभवानी चित्रसंग्रहालय उभारले आणि जन्मभर जमविलेली चित्रे व शिल्पे लोकांना पाहण्यासाठी खुली केली. औंधच्या शाळेत साने गुरुजी काही काळ शिकले, तसेच पुढे कवी ग. दि. माडगूळकरही शिकले.

बाळासाहेबांच्या आयुष्यातील सर्वांत मोठी घटना मात्र त्यांच्या सत्तरीत घडली. त्या वयात बहुतेक माणसे हाती असलेले अधिक घट्ट धरून ठेवतात. बाळासाहेबांनी १९३८ मध्ये आपली राजसत्ता प्रजेच्या स्वाधीन करण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि पोलंडमधून भारतात आलेले मॉरिस फ्रीडमन हे या कामी पुढे झाले. ते सेवाग्रामला जाऊन महात्मा गांधींना भेटले. गांधीजींच्या मार्गदर्शनाखाली राज्यघटनेचा मसुदा तयार झाला आणि २१ जानेवारी १९३९ रोजी ती घटना औंधात अंमलात आली. तिच्यात मुख्य भर गावावर होता. गावाने पंचायत निवडावी, पंचायतींनी तालुक्याचा कारभार पाहावा आणि तेथून संस्थानच्या विधिमंडळापर्यंत लोकांचे प्रतिनिधी जावेत, अशी ती योजना होती. देश स्वतंत्र होण्यास अद्याप आठ वर्षे होती. तेव्हा या लहानशा संस्थानातील शेतकरी चावडीत बसून आपल्या गावच्या शाळेचा, रस्त्याचा आणि विहिरीचा निर्णय स्वतः घेऊ लागले. हा प्रयोग पुढे औंधचा प्रयोग म्हणून प्रसिद्ध झाला.

त्याच वर्षी आटपाडीजवळ आणखी एक प्रयोग सुरू झाला. खुनासारख्या गंभीर गुन्ह्यांबद्दल शिक्षा झालेल्या कैद्यांना तेथे भिंतींवाचून आणि बेड्यांवाचून ठेवण्यात आले. त्यांनी शेती करावी, कुटुंबासह राहावे आणि विश्वासाला पात्र होऊन दाखवावे, अशी कल्पना होती. या वसाहतीस स्वतंत्रपूर असे नाव मिळाले. फ्रीडमन यांची कल्पकता आणि अप्पासाहेबांचा उत्साह या प्रयोगामागे होता, तरी राजाच्या संमतीवाचून तो होणे शक्य नव्हते. या वसाहतीवरून ग. दि. माडगूळकरांना एक कथा सुचली. त्या कथेवर व्ही. शांताराम यांनी काढलेला दो आँखें बारह हाथ हा चित्रपट १९५७ मध्ये प्रदर्शित झाला आणि आटपाडीच्या माळावरील त्या माणुसकीची ओळख साऱ्या देशाला झाली.

वरवर पाहता नमस्कार, गावपंचायत आणि भिंतींवाचूनचा तुरुंग या तीन गोष्टींचा एकमेकींशी संबंध दिसत नाही. परंतु त्यांचे मूळ एकच आहे. नमस्कार घालताना माणसावर कोणी शिपाई उभा नसतो. स्वतःच स्वतःला उठवावे लागते आणि स्वतःच स्वतःला वाकवावे लागते. गावाचा कारभार पाहतानाही वरून हुकूम येण्याची वाट पाहावयाची नसते. स्वतंत्रपूरच्या कैद्याला पळून जाण्याची वाट मोकळी होती. त्याला अडविणारे होते ते त्याचे मन. स्वतःवर राज्य करू शकणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या राज्याची गरज भासत नाही, हे बाळासाहेबांनी आपल्या शरीरावर आधी अनुभवले आणि मग आपल्या संस्थानात अनुभवण्याची संधी इतरांना दिली.

देश स्वतंत्र झाल्यावर ८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. संस्थानाचे जे भाग पुढे दक्षिण सातारा जिल्ह्यात गेले, त्या जिल्ह्यास १९६० मध्ये सांगली हे नाव मिळाले. ज्यांनी आपले राज्य आधीच लोकांना दिले होते, त्यांच्याजवळून घेण्यासारखे फारसे काही उरले नव्हते. १३ एप्रिल १९५१ रोजी, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी बाळासाहेबांचे निधन झाले. त्यांचे सहकारी पंडित सातवळेकर १९६८ पर्यंत जगले. त्या वेळी त्यांना एकशे एकावे वर्ष चालू होते. या दोघांच्या आयुष्यावरून नमस्कार घालणारा प्रत्येक माणूस दीर्घायुषी होतो असा सिद्धान्त काढता येणार नाही. जन्मास येताना मिळालेली प्रकृती, घरचे अन्न, पिण्याचे पाणी आणि साथींपासून संरक्षण या साऱ्यांवर आयुष्य अवलंबून असते. पण आयुष्याची जेवढी वर्षे वाट्यास येतात, ती अंथरुणावर काढावयाची की कामात घालवावयाची, हे पुष्कळसे माणसाच्या रोजच्या वागण्यावर ठरते, एवढे मात्र त्यांच्या चरित्रावरून निश्चित दिसते.

आज रथसप्तमीच्या सकाळी महाराष्ट्रातील शाळांच्या पटांगणांवर हजारो मुलेमुली रांगेत उभी राहून सूर्यनमस्कार घालतात. २०१५ पासून २१ जून हा दिवस आंतरराष्ट्रीय योगदिन म्हणून पाळला जातो आणि त्या दिवशी जगातील अनेक देशांत लोक हाच व्यायाम करतात. त्यांच्यापैकी फारच थोड्यांना औंधचे नाव ठाऊक असेल. बाळासाहेबांनी एका दिवसाच्या उत्सवाची अपेक्षा केली नव्हती. चाळिसाव्या वर्षी त्यांनी जो नेम धरला, तो पाऊस असो, थंडी असो, राज्याभिषेक असो की प्रवास असो, त्यांनी सुटू दिला नाही. वर्षातून एकदा घातलेल्या शंभर नमस्कारांपेक्षा रोज न चुकता घातलेले दहा नमस्कार त्यांना अधिक आवडले असते.

यमाईच्या डोंगरावरील संग्रहालय पाहण्यासाठी आजही लोक औंधला जातात. तेथील चित्रे व शिल्पे हे बाळासाहेबांच्या रसिकतेचे स्मारक होय. त्यांचे दुसरे स्मारक दगडांचे नाही. पहाटे उठून ज्या कोणत्या घरी एखादा मुलगा किंवा मुलगी हात जोडून ताठ उभी राहते, त्या घरी ते उभे आहे.